वामनभाऊंचा हात

बसस्टँडसमोर वामनभाऊंचं फ्लेक्स लागलं आहे. द्वितीय पुण्यस्मरण. खाली ठळक अक्षरांत लिहिलंय: धर्मनिष्ठ, सचोटीचे व्यापारी, थोर समाजसेवक, कुटुंबवत्सल. फोटोतल्या भाऊंच्या अंगात कोट आहे. जन्मात त्या माणसानं कोट घातला नाही. पांढरा पायजमा, अर्ध्या बाह्यांची बंडी आणि कानावर पेन्सिल, एवढाच त्यांचा थाट. कुणीतरी कॉम्प्युटरवर दुसऱ्याच्या कोटावर त्यांचं डोकं बसवलंय, आणि तेही जरा वाकडंच.

फ्लेक्सवरचं अक्षर न् अक्षर खरं आहे. पण ज्या एका गोष्टीपायी अख्खं वरवट बकाल गाव या माणसाला भ्यायचं, ती त्यात नाही. दुकानासमोरून जाताना बाया पदर तोंडाला लावायच्या, ते कोण छापणार? जिवंतपणी त्यांची सावली टाळली आणि आता हार घालायला रांग लावली. मला बाई असल्या रांगेचा संताप येतो. म्हणून मीच सांगते.

मी सुनंदा, शिलाईवाली. भाऊंच्या कापड दुकानाच्या ओट्यावर माझी मशीन असते. फॉल, पिको, ब्लाऊज. लग्न मी माझ्या मर्जीनं केलं, परजातीत, तेव्हा माझ्या सख्ख्या भावानं माझ्या नावानं आंघोळ केली. नवरा प्रकाश मोटारपंप दुरुस्त करतो, दिवसभर कुणाच्या ना कुणाच्या विहिरीवर. आम्ही गावात नवीन होतो आणि मशीन ठेवायला कुणी हातभर जागा देईना. भाऊंनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाले, "ओटा रिकामाच हाये. बस तिथी. ऊन आलं का आत सरकत जाय. मले बी कोनी बहीण नाही." त्यांना दोन सख्ख्या बहिणी होत्या, हे मला पुढं कळलं.

सकाळी मारुतीला पाणी घातल्याशिवाय ते दुकानाचं शटर उचलत नसत. देवाशी बोलायचे ते शेजारच्या दुकानदाराशी बोलावं तसं. "काय मारोतराया, आज बाजार हाये, जरा लक्ष असू दे, अन् त्या इंगळ्याच्या पोरीले बरं वाटू दे." संध्याकाळी हरिपाठाची वेळ झाली की गिऱ्हाईक मीटरनं कापड मोजून घेत असलं तरी भाऊ उठायचे. "मापात काही फरक पडत नाही, उद्या या." दुपारी बारा वाजता अकोल्याच्या लेकीला फोन. "जेवली का बाई? काय केलं व्हतं? बरं, ठेव." यापलीकडे बाप-लेकीचं बोलणं मी कधी ऐकलं नाही, पण एक दिवस तो फोन लागला नाही तर माणूस तीनपर्यंत जेवला नव्हता.

आणि द्वारकाकाकू. त्यांचं घर दुकानाच्या वरच. साड्यांचा नवा गठ्ठा आला की पहिली साडी जिन्यानं वर जायची. काकू वरूनच ओरडायच्या, "हे काय आनलं? रंग हाये का चिखल?" भाऊ मुलाला, माधवला, सांगायचे, "हा माल मांगच्या फळीवर टाक, खपत नाही हा." आणि खरंच खपायचा नाही. चाळीस वर्षांच्या संसारात त्या माणसाला बायकोच्या बांगड्यांचा आवाज ऐकल्याशिवाय चहा गेला नाही, असं माधव चिडवायचा. ते लाजायचे, अगदी कानापर्यंत.

समाजसेवा म्हणतात ती ही. गावात कुणी गेलं की कापड भाऊंच्या दुकानातून, आणि त्याबद्दल कधी कुणाकडून काही घेतलं नाही. "देह त्याचा, कापड आपलं," असं म्हणायचे. आमच्याकडे पाणी खारं. उन्हात नदीवर मयतीला थांबलेल्या माणसांना प्यायला गोड्या पाण्याच्या कॅन भाऊ स्वतः गाडीवर घालून न्यायचे. मसणातलं शेड त्यांनी उभं केलं, कडुनिंब लावले, जगवले. मयताच्या कापडाला कात्री लावायची नाही आणि मीटर लावायचा नाही, अशी त्यांच्या बापापासूनची रीत. नखानं काठ तोडायचा आणि फाडायचं. टर्रर्र असा लांब आवाज यायचा. घडी घालायची नाही, पिशवीत भरायचं नाही. आणि एकदा काढलेलं कापड पुन्हा फळीवर ठेवायचं नाही.

आता ती गोष्ट. मी ओट्यावर बसायला लागून वर्षही झालं नसेल. सकाळचे दहा, लख्ख ऊन, भाऊ माझ्याशी कापसाच्या भावाबद्दल बोलत होते. बोलता बोलता त्यांचा हात मागं गेला, पांढऱ्या गठ्ठ्याचं टोक ओढलं आणि टर्रर्र. बोलणं चालूच. डोळे माझ्याकडे. हात जणू दुसऱ्याचा.

"भाऊ, कोन गेलं?" मी विचारलं.

"कुठी?"

मी बोट दाखवलं. त्यांनी खाली मांडीवर पाहिलं. फाडलेलं कापड तिथं पडलं होतं. त्यांचा चेहरा एकदम पडला. "मले मालूम नाही वं," ते म्हणाले. "कोनी तरी येईन आता."

मी म्हटलं, फोन आला असेल. गावाच्या ग्रुपवर काही आलंय का पाहिलं. कुणाचा वाढदिवस होता, केकचं चित्र होतं. साडेबाराला गढीवरचा एक जण धापा टाकत आला, "भाऊ, आमचे बाबा." कापड तयारच होतं. त्यानं ते उचललं, आणि तेव्हा मला दिसलं, त्याला आश्चर्य वाटलं नाही. गावाला माहीत होतं. मलाच नवीन होतं.

मग मी मोजत बसायचं नाही असं ठरवलं, तरी कान तिकडंच. समोरच्या बंडूच्या चहाच्या टपरीवर चार माणसं हसत असायची आणि इकडून तो आवाज गेला की सगळी गप्प. कपबशा खाली ठेवल्या जायच्या. एकेक जण खिशातून फोन काढून घरी लावायचा. "बरी हायेस ना? पोट्टे शाळेतून आले का?" बंडू स्टोव्ह बंद करायचा. एका सकाळी भाऊंनी एकदा फाडलं, पाण्याचा घोट घेतला आणि पुन्हा फाडलं. शेगाव रोडला मोटरसायकल ट्रकखाली गेली होती, दोघं भाऊ-भाऊ. मी त्या दिवशी मशीन बंद करून घरी गेले, दारं लावून बसले, आणि प्रकाश विहिरीवरून येईपर्यंत पाणी प्यायला उठले नाही.

माधव शिकलेला. त्याला या सगळ्याची लाज वाटायची. त्यानं एकदा पांढऱ्या कापडाचे सगळे गठ्ठे वर नेऊन कपाटात कुलूपबंद केले. "पाहू आता कसं फाडतात ते, मावशी," मला म्हणाला. अकरा वाजता टर्रर्र. आम्ही दोघंही वळलो. भाऊ ज्या गादीवर बसत, तिच्यावरचीच चादर त्यांनी बसल्या बसल्या फाडली होती, काठाकडून, सरळ, जशी रेघ मारावी. ते माधवकडे पाहत होते आणि डोळ्यात पाणी होतं. "बापू, उघड ते कपाट," ते म्हणाले. "चादर कोनाच्या अंगावर घालू मी?" माधवनं गठ्ठे खाली आणले. पुन्हा कधी त्यानं हा विषय काढला नाही.

लोक भ्यायचे, आणि काही लोक उलटंही यायचे. देविदास नावाचा एक जण आला. त्याचे म्हातारे वडील अंथरुणाला खिळून होते, अंगाला जखमा झाल्या होत्या. दुकानाच्या पायरीवर बसून तो हात जोडून म्हणाला, "भाऊ, फाडा ना. लय हाल हून राह्यले बुढ्याचे."

भाऊ एवढे रागावलेले मी कधी पाहिले नाहीत. "मी फाडत नाही बापा! माह्याकडून फाडल्या जाते. मी काय यमाचा कारकून हाओ काय?" मग शांत झाले, चपला घातल्या आणि देविदासच्या घरी गेले. तीन दिवस रोज जाऊन त्यांनी म्हाताऱ्याच्या जखमा धुतल्या, भाकर दुधात कुस्करून भरवली. म्हातारा आणखी दोन पावसाळे जगला आणि देविदासला शिव्या घालत राहिला. गाव यावर हसलं, पण भाऊ देविदासच्या गल्लीतून चालले की तरीही दारं लागायची.

"वाईट वाटत नाही का हो, भाऊ?" मी एकदा विचारलं.

"वाटते ना. मी बी मानूसच हाओ. पन त्याईचं काय चुकलं? मले बी माह्या हाताचं भेव वाटते. जेवताना पाह्यत असतो मी, याले घास दिसते का आनखी काही." असं म्हणून ते हसले. मला हसू आलं नाही.

आता लुगड्याचं सांगते. आमच्याकडे सवाष्ण गेली की तिच्या अंगावरचं शेवटचं लुगडं माहेरचं लागतं, हिरवं. लुगडं म्हणायचं एवढंच, असते पाचवारी साडी. भाऊ घेऊन येतो. जिला माहेर उरलं नाही तिच्यासाठी आपले वामनभाऊ उभे राहायचे. दुकानात वरच्या फळीवर पाच-सहा हिरव्या साड्या याच कामाच्या. काठीच्या आकड्यानं एक काढायची, हातात घ्यायची आणि मयताच्या घरी जाऊन म्हणायचं, "मी तिचा भाऊ." किती बायांचा हा माणूस मेल्यानंतर भाऊ झाला, देव जाणे. मला गमतीनं म्हणायचे, "तुह्यं बी माह्याकडूनच हाये, काळजी करू नोको." मी म्हणायची, "आधी जिवंतपणी एक द्या की!"

भाऊ गेले त्या वर्षीचा चैत्र. बाजाराचा दिवस नव्हता, दुकानात निवांत होतं. मी फॉल लावत होते. माधव गठ्ठे मांडत होता, बंडू चहा घेऊन आला होता. वर काकू काहीतरी कुटत होत्या, धपधप आवाज येत होता, बांगड्यांचा पण. भाऊ उठले. आकड्याची काठी घेतली आणि वरच्या फळीवरून एक हिरवी साडी खाली घेतली. टेबलावर ठेवली.

पांढरं कापड शंभरदा पाहिलं होतं. कुणी सांगायच्या आधी हिरवी साडी निघताना मात्र पहिल्यांदा. बंडूच्या हातातल्या कपातला चहा बशीत सांडला.

"कोनासाठी, भाऊ?" मी विचारलं.

दरवेळचं उत्तर ठरलेलं असायचं, मले मालूम नाही. त्या दिवशी त्यांचे ओठ हलले, पण आवाज आला नाही. त्यांनी वर छताकडे पाहिलं. मग माझ्याकडे. खूप वेळ पाहिलं.

"सुनंदा," ते म्हणाले. "तुह्यं हाये."

माय व! माझ्या पायाखालचं पायडल थांबलं. बंडू पळतच बाहेर गेला. दुपारपर्यंत गावभर झालं. कुणाला शंकाही आली नाही, कारण हिशेब सरळ होता: फळीवरची साडी माहेर नसलेल्या बाईचीच, आणि गावात अशी सवाष्ण मीच. भाऊंनी मला घरी जाऊ दिलं नाही. रस्त्यावर गाडी येईल, घरात विजेचा धक्का बसेल. मला गादीवर बसवलं. सुया, कात्र्या उचलून नेल्या. स्वतः शेजारी बसले आणि माझं मनगट धरून ठेवलं. प्रकाशला फोन केला तर तो दूर कुठं विहिरीत उतरलेला.

आणि काकू? त्या बाईनं त्या दिवशी जिना चढ-उतर करून हद्द केली. दूध आणलं, शिरा आणला, दृष्ट काढली. "काही होत नाही तुले. येडे हायेत हे. खाय पोटभर." मला एकेक घास भरवला. भाऊ तिच्याकडे पाहतच नव्हते. म्हणाले फक्त, "बस ना वं जराशी." ती म्हणाली, "बसून कसं चालन? पोरीच्या अंगात थरथर हाये." चार वाजता चहा टाकायला वर गेली.

थोड्या वेळानं वरून सुनेची, माधवच्या बायकोची, किंकाळी आली.

माधव धावला. मी उठले. भाऊ उठले नाहीत. काय झालं, असं त्यांनी विचारलंसुद्धा नाही. माझं मनगट सोडलं, दोन्ही हात मांडीखाली घातले आणि बसून राहिले. चुलीपाशी बसल्या बसल्या काकूंचा जीव गेला होता.

काकूंचे दोन भाऊ अकोटचे. दुसऱ्या दिवशी सकाळी आले, माहेरचं लुगडं घेऊन आले, रीतीप्रमाणे नेसवलं. दुकानातली साडी टेबलावर तशीच राहिली.

समजतंय ना? ती साडी अजून उरली होती. माझं नाव घेऊन काढलेली. परत फळीवर ठेवता येत नव्हती, म्हणून पडूनच होती. गिऱ्हाईक आलं की आधी साडीकडे पाहायचं, मग माझ्याकडे. बायांनी माझ्याकडे ब्लाऊज टाकणं बंद केलं. जिच्या नावाचं लुगडं निघालं तिच्या हातचं शिवलेलं कोण अंगात घालणार? प्रकाश म्हणाला, गाव सोडू. मी रोज सकाळी आंघोळ करताना स्वतःचे हात पाहायची. रस्ता ओलांडताना पाय अडखळायचे. भाकरी घशात अडकली तरी वाटायचं, आलं. भाऊ खाली येईनासे झाले होते, वरच्या खोलीत असायचे. त्यांच्या हातून पुन्हा काही फाडलं गेलं नाही. माणसं मरत होती, पण आधी कळत नव्हतं. सहा-सात महिने असे काढले मी. एकदाही त्यांनी मला बोलावलं नाही, दोन शब्द बोलले नाहीत.

दिवाळी झाली आणि माझा तोल सुटला. मी ती साडी उचलली, जिना चढले आणि त्यांच्या पुढ्यात टाकली. "एक सांगा भाऊ. कधी? मले कटाळा आला वाट पाहून."

ते पलंगावर बसले होते. फार वाळले होते. साडीकडे पाहत म्हणाले, "तुह्यं नाही ते."

"मंग माह्यं नाव काऊन घेतलं?"

"सुनंदे, आजवर मले कधीच मालूम पडलं नाही कोनाचं हाये ते. त्या दिवशी पडलं. साडी हातात आली अन् तोंडात नाव आलं. द्वारकेचं." त्यांनी साडीवरून नजर उचलली. "म्या म्हटलं, दुसरं नाव घेतलं तं ते तिकडे जाईन. तू समोर बसली व्हती. म्या तुह्यं घेतलं."

सख्ख्या भावानं माझ्या नावानं आंघोळ केली, त्यानं मी फक्त त्याच्यापुरती मेले होते. यांनी तर मला दारात उभं करून मरणाला हाक मारली होती. मी काय काय बोलले ते लिहीत नाही. सात महिने मरून राह्यली मी, हे बोलले. तुमचं मारोतराया-मारोतराया सगळं खोटं, हेही बोलले. ते मान खाली घालून ऐकत होते. साडी उचलली आणि खाली आले.

त्यानंतर भाऊ फार दिवस राहिले नाहीत. माती मोठी झाली, गाड्यांची रांग नदीपर्यंत. पण शेवटचे भाऊ मला आठवतात ते त्या दुपारचे.

खाली येऊन मी मशीनसमोर बसले. रडून झालं, शिव्या देऊन झाल्या. मग मला विहिरीत उतरलेला प्रकाश दिसायला लागला. माझ्या तोंडात प्रकाशचं नाव आलं असतं, आणि समोर भाऊ बसलेले असते, तर? मी कुणाचं नाव घेतलं असतं? घेतलंच असतं. एक पळ थांबले नसते. हे मनात आलं आणि मला स्वतःची भीती वाटली, भाऊंची वाटली त्यापेक्षा जास्त.

मी पडद्याआड गेले आणि ती हिरवी साडी नेसले. माधवनं मला पाहिलं आणि त्याच्या हातातला मीटर खाली पडला. मी जिना चढले.

भाऊंनी मला पाहिलं आणि ते भिंतीपर्यंत मागं सरकले. "काहाड ते, सुनंदा. काहाड!"

"काऊन? माहेरचं हाये. जिवंतपणी नेसली, काय बिघडलं?" मी खाली वाकले, त्यांच्या पायाला हात लावला. त्यांनी दोन्ही हात पाठीमागं लपवले. लहान लेकरू खाऊ लपवतं तसे. "माह्या हातात आसीर्वाद नाही वं," ते म्हणाले, "हे हात लावून घेऊ नोको."

मी त्यांचे हात ओढून पुढं घेतले. काटक्या झाल्या होत्या नुसत्या. दोन्ही हात माझ्या डोक्यावर ठेवले आणि वरून दाबून धरले. ते रडत होते, मीही.

"म्हना," मी म्हटलं. "माह्यं नाव घेऊन म्हना."

त्यांना जमेना. खाली रस्त्यावर एस.टी. येऊन थांबली, माणसं उतरली, पुन्हा निघून गेली.

"सुनंदा," ते म्हणाले. "जग वं माय. लय जग."